नाक वर जात नाही

नमस्कार. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या. पहिल्या दोन रांगा रिकाम्या आहेत, आणि आज मला जे दाखवायचं आहे ते मागून दिसणार नाही.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘नाकातून मेंदूपर्यंत’. नाकाच्या वाटेने मेंदूच्या तळाशी शस्त्रक्रिया कशी होते, ते मी सांगणार आहे. पण आधी एक काम करा. उजव्या हाताचं बोट उचला आणि मला दाखवा, तुमचं नाक आत कुठल्या दिशेला जातं? बघा. इथे शंभर-सव्वाशे माणसं असतील आणि जवळजवळ सगळ्यांची बोटं छताकडे. पुढे बसलेल्या शाळेतल्या मुलींचीही.

तीस वर्षं मी हा प्रश्न विचारत आलोय. पेशंटना विचारतो, नर्सिंगच्या मुलींना विचारतो, लग्नात पंगतीला शेजारी बसलेल्या पाहुण्यांना विचारतो. बोट वरच जातं. आणि तीस वर्षं मी एकच उत्तर देत आलोय: नाक वर जात नाही, मागे जातं. आज बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं घेऊन घरी जा.

फसगत होते ती नाकपुड्यांमुळे. त्यांची तोंडं जमिनीकडे आहेत, तेव्हा आत शिरलेली वस्तू आकाशाकडे जाणार, असं आपण धरून चालतो. पण आरशात दिसतं ते नाक म्हणजे घरापुढची पडवी. कातडी आणि कूर्चा यांची बांधलेली, पुढे झुकलेली. खरं घर तिच्या मागे आहे. मांजराचं नाक बघा, गाईचं बघा. नाकपुड्या समोर उघडतात, वाट सरळ मागे जाते. आपलंही आत तसंच आहे, फक्त वर पडवी चढवली आहे.

ही कवटी. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला एका सीनियरकडून मी हाडांचा संच विकत घेतला होता, त्यातली. ही प्लास्टिकची नाही. कुणा माणसाची आहे, नाव मला माहीत नाही, कधी कळणारही नाही. म्हणून ती मी नेहमी धुतलेल्या पांढऱ्या कापडावर ठेवतो. मुलांनो, नंतर बघायला याल तेव्हा दोन्ही हातांनी उचला. आणि ही उदबत्तीची काडी, मसाला खरवडून काढलेली. आता बघा. नाकाच्या भोकातून, तळाला लावून, म्हणजे टाळूच्या वरच्या अंगाला घासत, सरळ मागे सोडतो. सात-आठ सेंटिमीटर गेली आणि मागच्या दाराने बाहेर आली. कुठेही अडली नाही. आता तीच काडी वर तिरपी करतो. थोडी गेली आणि अडली. हा आवाज ऐकलात? टक्. ते छत. त्या छताच्या वर काय आहे? कवटीची टोपी कापलेली आहे, ती काढतो. खालून नाकात टॉर्च धरतो आणि वरून बघतो. पुढच्या रांगेला दिसत असेल, उजेडाचे ठिपके. ही चाळणी आहे. जिवंत माणसात या चाळणीवर मेंदू टेकलेला असतो, आणि तिच्या भोकांतून वासाच्या नसांचे वीसेक बारीक धागे नाकात उतरतात. चाफा, पहिला पाऊस, उतू गेलेलं दूध, सगळं या ठिपक्यांतून वर जातं.

२०२० साली कोविडच्या तपासणीसाठी आपण सगळ्यांनी नाकात काडी घालून घेतली. आठवतंय? ‘काडी मेंदूला लागते’ अशी केवढी भीती होती! भीतीने माणसं मान मागे टाकत. मान मागे टाकली की काडी वरच्या दिशेला लागते आणि दुखतं. ज्या ताईंना नाकाची दिशा ठाऊक होती त्या हनुवटी सरळ ठेवायला सांगत आणि तळाला धरून काडी मागे नेत. डोळ्यांत पाणी यायचं, पण इजा नव्हती. अमेरिकेत त्याच वर्षी एका बाईला तपासणीनंतर नाकातून मेंदूचं पाणी गळायला लागलं, त्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. तिच्या छताला आधीपासून भोक होतं आणि त्यातून मेंदूचं आवरण नाकात लोंबत होतं, कुणाला माहीत नव्हतं.

घोळणा फुटतो तेव्हाही हीच चूक होते. उन्हाळ्यात पोराच्या नाकातून रक्त आलं की घरातली सगळी जण एकदम ओरडतात, ‘मान वर कर!’ मान वर केली की रक्त थांबत नाही, ते मागे जातं, कारण नाक मागे जातं. घशात उतरतं, पोटात जातं, आणि तासाभराने पोर काळी उलटी करतं. मग घर आणखी घाबरतं. पोराला पुढे वाकवून बसवा. नाकाचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, चिमटीत धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सोडू नका. मध्ये उघडून बघायचं नाही. कांदा हुंगवायला माझी हरकत नाही, पण चिमूट सोडायची नाही.

स्प्रेचंही तसंच. वर तोंड करून फवारा मारतात, तो दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर किंवा छताकडे जातो आणि वाया जातो. डाव्या नाकपुडीला उजवा हात वापरा, उजव्या नाकपुडीला डावा. म्हणजे नळीचं तोंड आपोआप बाहेरच्या भिंतीकडे, कानाच्या दिशेला होतं. औषध हवं असतं ते तिथे.

आणखी एक सांगतो. मी रेसिडेंट होतो, रात्रीची कॅज्युअल्टी. हेल्मेट नसलेला तरुण, मोटारसायकलवरून पडलेला. चेहऱ्याचा मधला भाग आत गेलेला आणि नाकातून पाण्यासारखं पातळ रक्त. पोट फुगलं होतं, म्हणून मी रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात घालायची नळी, घेतली आणि नाकाशी नेली. आमच्या सिस्टरनी, वयाने माझ्या आईएवढ्या, माझं मनगट धरलं. ‘डॉक्टर, तोंडातून घाला.’ का ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायला वेळही नव्हता. मला नंतर समजलं. छत फुटलेलं असेल तर नाकातून घातलेली नळी चाळणीच्या जागेतून वर, थेट मेंदूत जाऊ शकते. असं घडल्याच्या नोंदी आहेत, फोटोंसकट. त्या सिस्टरनी त्या रात्री दोघांना वाचवलं, त्याला आणि मला.

आपल्या म्हणींमध्ये नाक फार आहे. ‘नाक दाबलं की तोंड उघडतं.’ मोठ्या माणसाच्या बाबतीत ही म्हण खरी आहे, पण नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या बाबतीत खरी नाही. पहिले काही आठवडे बाळ नाकानेच श्वास घेतं, तोंडाने घ्यायचं त्याला सुचत नाही. काही बाळांची नाकाची मागची दारं जन्मतःच बंद असतात. दोन्ही बंद असली तर बाळ निळं पडतं, मग रडतं, रडताना तोंड उघडतं आणि गुलाबी होतं. रडणं थांबलं की पुन्हा निळं. असं बाळ पाहिलं की तोंडात नळी ठेवायची आणि नाकाच्या तळाने पातळ नळी मागे सरकवून बघायची. ती अडली की निदान झालं. पुन्हा तीच दिशा. सरळ मागे.

आता माझी एक जुनी तक्रार, इतकी वर्षं मनात आहे. पेशंट खुर्चीत बसतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, माझं नाकातलं हाड वाढलंय.’ हाड वाढत नाही हो! नाकाच्या मध्ये एक पडदा आहे, पुढे कूर्चेचा, मागे हाडाचा. तो वाकडा असतो. तुमच्यातल्या बहुतेकांचा थोडाफार वाकडा असणारच. वाकडा आहे आणि श्वास नीट येतो, तर त्याला हात लावायचं कारण नाही. पण ‘वाढलंय’ म्हटलं की माणसाच्या डोळ्यांपुढे गाठ येते, कापून टाकावंसं वाटतं. आणि तो शब्द आम्हीच, डॉक्टरांनी, घाईघाईत त्यांच्या तोंडी घातला आहे. दुसरं वाक्य, ‘मला सायनस आहे.’ सगळ्यांनाच आहेत, चार जोड्या. सायनस म्हणजे हाडातली पोकळी, भिंतीतला कोनाडा. दोन गालांत, दोन कपाळात, नाक आणि डोळा यांच्या मध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखे बारीक कप्पे, आणि सगळ्यांत मागे, कवटीच्या ऐन मध्यावर, स्फेनॉइड. आजार सुजेचा असतो, कोनाड्याचा नव्हे.

नाकाच्या शरीररचनेतली नावं मला फार आवडतात. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांच्या घरात चूल होती, शेत होतं. पडद्याच्या मागच्या हाडाचं नाव व्होमर, म्हणजे नांगराचा फाळ. हातात घेऊन बघा, फाळच आहे. छताचं हाड एथमॉइड, ग्रीकमध्ये चाळणीसारखं. चाळणीच्या वर मेंदूकडे एक उंचवटा आहे, त्याला कोंबड्याचा तुरा म्हणतात. बाजूच्या भिंतीवरचे मांसल पडदे म्हणजे शंख. मागची दारं म्हणजे नरसाळी. डोळा आणि नाक यांच्यामधल्या भिंतीचं नाव लॅमिना पॅपिरेशिया, कागदी पत्रा. थांबा, टॉर्च लावतो. दिसला उजेड? कागदच आहे. आणि स्फेनॉइडच्या छतावर तुर्की खोगीर. त्या खोगिरात हरभऱ्याच्या दाण्याएवढी ग्रंथी बसलेली असते, पिट्युटरी. आपण मराठीत तिला पीयूषिका म्हणतो, पीयूष म्हणजे अमृत. युरोपात मात्र तिचं नाव पडलं ‘पिट्युटा’ या शब्दावरून, आणि त्याचा अर्थ कफ, शेंबूड.

हे असं का, ते ऐका, कारण माझ्या गोष्टीचा धागा इथेच आहे. दुसऱ्या शतकातल्या गॅलनपासून युरोपातले वैद्य मानत आले की सर्दी मेंदूतून येते. मेंदूतला टाकाऊ कफ चाळणीतून नाकात गळतो, असा समज. जवळजवळ पंधराशे वर्षं तो टिकला. १६५५ च्या सुमारास विटेनबर्गच्या श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने चाळणीच्या हाडाचा अभ्यास करून सांगितलं की ही वाट कफाची नाही. शेंबूड नाकातच तयार होतो, नाकाच्या आतल्या अस्तरात. त्या अस्तराला आजही श्नायडरचं नाव आहे. आपल्याकडे अष्टांगहृदयात वाग्भटांचं वचन आहे, ‘नासा हि शिरसो द्वारम्’, नाक हे डोक्याचं दार. तिथे विचार औषध नाकातून वर नेण्याचा आहे. श्नायडरने दुसऱ्या दिशेचं, खाली येण्याचं दार बंद केलं. त्याचं म्हणणं बरोबर होतं. तेव्हापासून प्रत्येक डॉक्टर शिकतो: सर्दीचं पाणी मेंदूतून येत नाही.

आणि म्हणूनच ज्या एखाद्या माणसाचं पाणी खरोखर मेंदूतून येतं, तो आमच्या नजरेतून सुटतो.

ऊस पट्ट्यातल्या एका गावची बाई. वय शेहेचाळीस. अंगाने भरलेली, कामाला वाघीण. तक्रार एकच, डाव्या नाकपुडीतून पाणी गळतं. सर्दी म्हणून गावात गोळ्या झाल्या, तालुक्याला ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या, वाफारे झाले, नाकात तेल झालं. दीड वर्ष. मग एकदा ताप भरला, मान ताठ झाली, उलट्या. एका मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं, मेंदूच्या आवरणाला सूज आहे म्हणाले, दहा-बारा दिवस इंजेक्शनं दिली, बरी होऊन घरी आली. नाक गळत होतंच. ताप आणि नाक, दोन्हींची गाठ कुणी घातली नाही.

माझ्याकडे आली तेव्हा ओपीडीत गर्दी होती. तिने मला सगळं सांगितलं. परातीत पीठ मळायला वाकली की थेंब पिठात पडतो, म्हणून नाकाला पदर बांधून भाकऱ्या थापते, असंही सांगितलं. मी ऐकलं, नाकात पाहिलं, अस्तर फिकट दिसलं, आणि ॲलर्जीची चिठ्ठी लिहिली. होय, मीच. एका बाजूचं पाणी, वाकल्यावर वाढणारं, आणि पूर्वी मेंदूज्वर. तिन्ही गोष्टी तिने माझ्यापुढे मांडल्या होत्या. त्या चिठ्ठीची मला आजही लाज वाटते, आणि म्हणून ही गोष्ट मी प्रत्येक ठिकाणी सांगतो.

बरोबर तिची मुलगी होती, बारावीतली. आई उठून दाराशी गेली तरी ही उभीच. मला म्हणाली, ‘डॉक्टर, एक विचारू? घरातले रुमाल मी धुते. बाबांना सर्दी झाली की त्यांचा रुमाल वाळून खळ लावल्यासारखा कडक होतो. आईचा कधीच होत नाही. आईचा मऊच राहतो.’

मी पेन खाली ठेवलं. हे आमच्या जुन्या पुस्तकांतून आलेलं लक्षण आहे. शेंबडात चिकट द्रव्य असतं, ते वाळलं की कापड ताठ होतं. मेंदूभोवतीचं पाणी स्वच्छ असतं, वाळलं की मागे काही राहत नाही. हे मला पाठ होतं. पण मी रुमाल मागितला नव्हता.

आईला परत बोलावलं. स्टुलावर बसवलं, पुढे वाकवलं, हनुवटी छातीला. नाकाखाली स्टीलची छोटी वाटी धरली, चहाच्या टेबलावरची. अर्धा मिनिट काही नाही. मग डावीकडून एक थेंब. मग दुसरा. स्वच्छ, झऱ्याचं पाणी असावं तसा. तिला विचारलं, घशात उतरतं तेव्हा चव कशी लागते? म्हणाली, खारट. रात्री उशी ओली होते का? म्हणाली, होते, पण लाळ असेल असं वाटलं.

वाटीतलं पाणी बाटलीत भरून मोठ्या शहरातल्या लॅबला पाठवलं. बीटा-टू ट्रान्सफेरिन नावाचं एक प्रथिन या पाण्यात असतं, शेंबडात नसतं, अश्रूंत नसतं. ते सापडलं. सीटी स्कॅन काढला, बारीक कापांचा. डाव्या बाजूच्या चाळणीला तीनेक मिलिमीटरचं भोक. मार लागलेला नाही, ऑपरेशन झालेलं नाही, आपोआप पडलेलं. असं मध्यम वयाच्या, वजन जास्त असलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतं. त्यांच्यात डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढलेला असतो, तो दाब वर्षानुवर्षं त्या पातळ हाडाला झिजवत राहतो. डोक्यात हे पाणी एका वेळी साधारण दीडशे मिलिलिटर असतं, पण दिवसाला पाचशेच्या आसपास नवीन तयार होतं. म्हणजे गळती कितीही असली तरी टाकी रिकामी होत नाही, माणूस हिंडत-फिरत राहतो. धोका उलट्या दिशेने असतो. पाणी खाली येऊ शकतं त्या भोकातून नाकातले जंतू वर जाऊ शकतात. तिचा मेंदूज्वर तसा आला होता, आणि भोक उघडं असेपर्यंत पुन्हा येणारच होता.

नाकातून ऑपरेशन केलं. मांडीवरचं थोडं आवरण घेतलं, भोकाला आतून-बाहेरून ठिगळ लावलं, वर नाकातलंच अस्तर पांघरलं. चेहऱ्यावर टाका नाही. मग डोकं उंच ठेवून झोपायचं, शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, वाकायचं नाही. वाकू नको, हे एका घर चालवणाऱ्या बाईला सांगणं किती अवघड असतं, ते या सभागृहातल्या बायकांना मी सांगायला नको. भाकऱ्या मुलीने थापल्या, दीड महिना. दाबासाठी गोळ्या आणि वजनाचं पथ्य वेगळं.

पावसाळ्यात त्या मुलीचा फोन आला. ‘डॉक्टर, आईला सर्दी झालीय.’ माझा हात थांबला. ती म्हणाली, ‘रुमाल कडक झालाय.’

चिठ्ठी आली आहे, बारा मिनिटं राहिली. शस्त्रक्रियेचं मी अजून काहीच सांगितलं नाही. भरभर सांगतो, ऐका.

आधी कोनाडे. गालातल्या सायनसचं दार खाली नाही, वर आहे, छताजवळ. आपण उभे असताना त्यातलं पाणी वर चढून बाहेर पडायला हवं. ते काम अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात. सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि शेंबडाची चादर मिनिटाला काही मिलिमीटर सरकवतात, ठरलेल्या वाटेने, त्या वरच्या दाराकडेच. जुन्या काळी सर्जन सोय म्हणून खाली नवं भोक पाडत, पाणी आपसूक उतरेल म्हणून. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की शेंबूड त्या नव्या भोकाला बगल देऊन जुन्या दारालाच जातो. तेव्हा जुनं दारच मोकळं करा. हे बघणं शक्य झालं ते हॉपकिन्स नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने बनवलेल्या काचदांडीच्या दुर्बिणीमुळे. चार मिलिमीटर जाडीची नळी, आणि तिच्या टोकाशी लख्ख उजेड. १९८५ नंतर स्टॅमबर्गर आणि केनेडी या सर्जननी ही पद्धत जगभर नेली.

दुर्बीण आत गेली आणि सर्जनला छताची भीती खऱ्या अर्थाने कळली. चाळणीच्या बाजूला एक उभी भिंत आहे. ती काही ठिकाणी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढीच जाड असते. चाळणी जितकी खोल बसलेली, तितकी ही भिंत जास्त उघडी. १९६२ साली केरोस नावाच्या डॉक्टरने या खोलीचे तीन प्रकार सांगितले: एक ते तीन मिलिमीटर खोल, चार ते सात, आणि आठ ते सोळा. आजही कुठलाही स्कॅन हातात आला की मी पेशंटचं नाव वाचतो आणि लगेच ही खोली मोजतो. डावी वेगळी, उजवी वेगळी, एकाच माणसात. नाकात हत्यार वर गेलं की हा आकडा डोक्यात असावा लागतो.

आता मागे. नाकाच्या उंबऱ्यापासून तीस अंशांचा चढ घेत सात सेंटिमीटर गेलं की स्फेनॉइडचं दार. आत गेलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींवर मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्यांचे उंचवटे, त्यांच्या वर डोळ्यांच्या नसा. काही माणसांत त्यांच्यावर हाडच नसतं, फक्त अस्तर. मधोमध वर तुर्की खोगीर, त्यात पीयूषिका. १९०७ साली श्लोफर या सर्जनने नाकाच्या वाटेने पीयूषिकेची गाठ पहिल्यांदा काढली, तेव्हा बाहेरचं नाक बाजूला उलथावं लागलं होतं. १९१० मध्ये व्हिएन्नाच्या हिर्शने नाकाच्या आतूनच वाट केली. नंतर मायक्रोस्कोप आला, नव्वदच्या दशकात दुर्बीण आली. आज कान-नाक-घसा सर्जन आणि न्यूरोसर्जन एकाच नाकात चार हातांनी काम करतात. मी दुर्बीण धरतो आणि वाट काढतो, ते गाठ काढतात. कवटी उघडत नाहीत, मेंदू बाजूला ओढत नाहीत.

मोठी अडचण वेगळीच होती. मोठं भोक पाडायचं ते ठीक, पण ते बुजवायचं कसं? इथे मला पुण्याला यावं लागतं. टिपूच्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा गाडीवान पकडला गेला, त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ एका कुंभार कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याचं नाक नव्याने बांधलं. १७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ते चित्रासकट छापून आलं आणि तिथून युरोपने हे काम शिकून घेतलं. त्या कारागिराचं मर्म होतं देठ. कातडी पूर्ण सुटी करायची नाही. भुवईजवळ तिचा देठ जोडलेला ठेवायचा, म्हणजे तिला रक्त मिळत राहतं आणि ती जगते. आता ऐका. २००६ साली अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरातल्या हदाद आणि बासागास्तेगी या दोन सर्जनची पद्धत प्रसिद्ध झाली. नाकाच्या पडद्यावरचं अस्तर सोलायचं, मागच्या बाजूला धमनीचा देठ शाबूत ठेवायचा, आणि ते वळवून मेंदूच्या तळाच्या भोकावर पांघरायचं. गळती एकदम खूप कमी झाली. पुण्याजवळ बाहेरच्या नाकासाठी जे केलं, तेच यांनी आतल्या छतासाठी केलं. देठ तोडायचा नाही. हे ऑपरेशन करताना दर वेळी मला तो कारागीर आठवतो.

दोन मिनिटं. दोनच गोष्टी सांगतो.

२०२१ चा मे महिना. काळी बुरशी. नाकात सुरू व्हायची आणि पातळ भिंतींनी पसरायची, कागदी पत्र्यातून डोळ्यात, टाळूत, मागून मेंदूकडे. साखर वाढलेली, स्टेरॉइड घेतलेली माणसं. महाराष्ट्रात आम्ही दिवसाला इतकी नाकं उघडली की मोजणं सोडून दिलं. काही जणांचा डोळा काढावा लागला, तो वेळेवर आले असते तर वाचला असता. मधुमेह असलेल्या माणसाचं नाक एका बाजूने बंद झालं, गाल बधिर झाला, नाकातून काळपट खपली आली, तर त्याच दिवशी दाखवा. दुसऱ्या दिवशी नाही.

आणि जलनेती करणारे बरेच जण इथे आहेत. करा, चांगली आहे. एका नाकपुडीतून ओतलेलं पाणी दुसरीतून येतं, कारण पडदा मागे संपतो आणि दोन्ही वाटा एक होतात. पण पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाचं नको, विहिरीचं नको, फिल्टरचंही उकळल्याशिवाय नको. गोड्या पाण्यात एक अमीबा असतो. तो पिण्याच्या पाण्यातून पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकात वर चढला तर वासाच्या नसांच्या त्या ठिपक्यांतून मेंदूत जातो. केरळात २०२४ मध्ये त्याने मुलांचे जीव घेतले आहेत.

वेळ संपला. प्रश्न बाहेर चहाला घेईन. कवटी या टेबलावर ठेवतो, टॉर्च तिच्याजवळ आहे, काड्या या डबीत. प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने काडी घालून बघा, आधी वर, मग सरळ मागे. मुलांना आधी येऊ द्या.